बडोद्याहून प्रवाळांची पाहणी: हौशी डायव्हरांनी नेमकं काय शिकायचं?

सूरसागर (धागाकर्ता)
आम्ही बडोद्यातले सहा जण. सगळ्यांकडे ओपन वॉटरचं प्रमाणपत्र आहे, म्हणजे १८ मीटरपर्यंतची मुभा, आणि प्रत्येकी वीस-पंचवीस डाइव्ह. प्रवाळांच्या पाहणीत शास्त्रज्ञांना स्वयंसेवक लागतात, तिथे उपयोगी पडायचंय. पण नुसते हौशे-नवशे म्हणून जाऊन त्यांचा वेळ खायचा नाही. म्हणून विचारतो: मोजणीची पद्धत काय? बडोद्यात समुद्र नाही, तर इथे पोहण्याच्या तलावात किती तयारी होऊ शकते? कच्छच्या आखातात काही करता येईल का? आणि सोबत काय काय न्यावं लागतं? कृपया नेमकं सांगा, "अनुभवाने येतं" असं नको.

ओहोटी
आधी भूगोल. बडोद्याला सगळ्यात जवळची प्रवाळं कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्याला, जामनगरच्या बाजूला. १९८० साली अभयारण्य झालं, १९८२ साली राष्ट्रीय उद्यान. पण टाकी पाठीवर घालून तिथे उतरायचं मनात असेल तर ते आधी काढून टाका. भरती-ओहोटीतला फरक ओख्याला साधारण तीन-साडेतीन मीटर, आणि आत नवलखीकडे जावं तसा तो वाढत सहा-सातवर जातो. एवढं पाणी रोज दोनदा आत-बाहेर करतं तेव्हा ओढ जबर असते आणि तळाचा गाळ सतत वर येतो. पुष्कळदा स्वतःच्या फिन दिसत नाहीत.

जामनगरजवळ याच उद्यानात नरारा आहे, तिथे काम पायी होतं, आणि तेही तितकंच मोलाचं आहे. वनखात्याची परवानगी जामनगरहून आधी घ्यायची, वाटाड्या सोबत असायलाच हवा. तारीख पंचांग बघून ठरवा: अमावस्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे, तेव्हा ओहोटीला पाणी सर्वांत लांब जातं आणि खडक उघडा पडतो. याउलट पाण्याखालचं काम, मग ते मालवणला असो की आणखी कुठे, अष्टमीच्या आसपास भांगेला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा करा. तेव्हा ओढ कमी आणि पाणी त्यातल्या त्यात निवळ. पंचांगाने दिवस कळतो, घटका कळत नाही. त्यासाठी जवळच्या बंदराचा भरतीचा तक्ताच लागतो.

ओहोटीच्या तळाच्या दीड-दोन तास आधी निघा, मागे सरणाऱ्या पाण्याच्या पाठोपाठ चालत जा, आणि पाणी वळायच्या आत परत फिरा. भरती समोरूनच येईल असं समजू नका. मागच्या खोलगट चरांमध्ये पाणी आधी भरतं आणि परतीची वाट तुटते. पाय वाळूवर किंवा मेलेल्या खडकावर ठेवायचा, जाड तळाचे बूट घालायचे. दगड उलटवून खाली काही पाहिलं तर तो होता तसाच परत ठेवायचा, कारण खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात काही मिनिटांत वाळतात.

दिसतील ती बहुतेक गोलमटोल आणि पापुद्र्यासारखी प्रवाळं: पोराइट्स, फॅव्हाइट्स, गोनिअ‍ॅस्ट्रिया, टर्बिनारिया. चित्रांतली फांद्यांची जंगलं इथे शोधू नका, गाळाच्या पाण्यात नाजूक फांद्या टिकत नाहीत. आणि मेलेला तुकडासुद्धा खिशात घालायचा नाही. खडक बांधणारी सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला.

अवांतर: बडोद्याचा या प्रवाळांशी संबंध जुना आहे. ओखामंडळ गायकवाडी मुलूख होता, आणि बडोदा सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी जीवांच्या अभ्यासकाकडून तिथल्या समुद्री जीवांची पाहणी करून घेतली होती. त्या अहवालाचा पहिला भाग १९०९ सालचा.

निळी_पाटी
पद्धतीबद्दल. स्वयंसेवकांसाठी जगभर सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत रीफ चेक या संस्थेची. १९९६ साली ग्रेगर हॉजसन यांनी ती सुरू केली, १९९७ साली पहिली जागतिक पाहणी झाली. तुम्ही ज्या शास्त्रज्ञांबरोबर जाल त्यांची पद्धत थोडी वेगळी असू शकते, पण ही अंगवळणी पडली की बाकीच्या अवघड जात नाहीत.

१०० मीटरची टेप एकाच खोलीला धरून, खडकाच्या कडेला समांतर अंथरायची. उथळ रेषा २ ते ६ मीटर खोलीवर, खोल रेषा ६ ते १२ मीटरवर. त्या १०० मीटरमध्ये २० मीटरचे चार तुकडे मोजायचे आणि मधे पाच-पाच मीटर सोडायचे: ० ते २०, २५ ते ४५, ५० ते ७०, ७५ ते ९५. मधली जागा सोडतात ती चार तुकडे चार वेगळे नमुने धरता यावेत म्हणून. घाईत ती मोजून टाकली तर सगळं गणित बिघडतं.

टेप टाकल्यावर पंधरा मिनिटं लांब थांबा, बिचकलेले मासे परत येऊ देत. मग पहिली जोडी माशांची. टेपच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर, वर पाच मीटर, दर पाच मीटरवर थांबून ठरलेलेच मासे मोजायचे: फुलपाखरू मासे, स्नॅपर, स्वीटलिप्स, २० सेंटिमीटरच्या वरचे पोपटमासे, ३० सेंटिमीटरच्या वरचे हेकरू वगैरे. दुसरी फेरी त्याच पट्ट्यात अपृष्ठवंशीयांची: लांब काट्यांची समुद्री साळ, समुद्रकाकडी, शेवंड, मोठे शिंपले, काटेरी मुकुटाचा तारामासा. शेवटी तळ.

तळ मोजायचा म्हणजे दर अर्ध्या मीटरवर टेपखाली काय आहे ते लिहायचं. ०.०, ०.५, १.० असं १९.५ पर्यंत, म्हणजे एका तुकड्यात ४० बिंदू आणि चारांत १६०. इथेच सगळ्यात मोठी चूक होते. टेप पाण्यात हलते, खडकापासून वर तरंगते, आणि नजर आपोआप प्रवाळाकडे वळते. बिंदू वाळूवर पडत असला तरी हात "कठीण प्रवाळ" लिहून जातो. उपाय गवंड्याकडचा: ओळंबा. दोऱ्याला छोटा नट बांधा, टेपच्या आकड्यावरून सोडा, आणि नट जिथे टेकेल तेच लिहा. दोन मिलिमीटर बाजूला सुंदर प्रवाळ असलं तरी नाही.

लिहायचे वर्ग दहा: कठीण प्रवाळ, मऊ प्रवाळ, नुकतंच मेलेलं प्रवाळ, पोषकद्रव्यं वाढल्याची खूण असलेलं शैवाल, स्पंज, खडक, तुकडे, वाळू, गाळ, इतर. १५ सेंटिमीटरपेक्षा मोठा तो खडक, अर्धा सेंटिमीटर ते १५ सेंटिमीटर तो तुकडा, त्याहून बारीक ती वाळू. बोटाने उडवल्यावर धुरासारखा वर राहतो तो गाळ.

वारसिया
उत्तम प्रतिसाद. माझा गोंधळ पांढऱ्या प्रवाळाचा होतो. पांढरं दिसलं की "नुकतंच मेलेलं" लिहायचं का?

निळी_पाटी
नाही. नवशिक्यांची दुसरी मोठी चूक हीच. विरंजन झालेलं प्रवाळ जिवंत असतं. उष्णतेच्या ताणाने आतलं सहजीवी शैवाल निघून गेलेलं असतं आणि पारदर्शक मांसातून पांढरा सांगाडा दिसतो. अगदी जवळून, न शिवता, आडव्या नजरेने पाहा: वर काचेसारखा ओलसर थर असेल, पॉलिपचे (प्रवाळाची वसाहत ज्यांची बनते त्या इवल्या जीवांचे) बारीक शुंडक दिसत असतील, तर ते "कठीण प्रवाळ"च. विरंजनाची नोंद वेगळ्या ओळीत: एकूण वसाहतींपैकी किती टक्के, आणि एका वसाहतीचा किती भाग.

"नुकतंच मेलेलं" म्हणजे साधारण वर्षभरातलं. मांस गेलेलं, पण पॉलिप बसतात त्या पेल्यांची नक्षी अजून ओळखू येते, वर फार तर शैवालाची कोवळी लव. नक्षी झिजून, त्यावर दुसरे जीव बसले की तो "खडक".

आणखी काही ठिकाणी हमखास गफलत होते. अग्निप्रवाळ, निळं प्रवाळ आणि बासरी-नळ्यांसारखं लाल प्रवाळ कठीणमध्ये धरतात. झोअँथिड (चटईसारखे पसरणारे, कठीण सांगाडा नसलेले प्रवाळांचे भाईबंद) मऊमध्ये जातात, पण समुद्रफूल "इतर"मध्ये. हिरव्या चकत्यांच्या माळेसारखं हॅलिमेडा हे शैवाल असलं तरी "इतर", कारण ते चुनखडीचं असतं आणि पोषकद्रव्यांची खूण मानलं जात नाही. खडकावरची आखूड लव म्हणजे "खडक". हे चार अपवाद पाठ नसले की दोन जणांचे आकडे कधीच जुळत नाहीत.

मांडवी_दरवाजा
तलावातल्या तयारीबद्दल मी सांगतो. बडोद्यात निम्म्याहून अधिक काम होऊ शकतं.

पहिलं, खाली राहण्यासाठी कमरेला बांधायचं शिशाचं वजन. गोड्या पाण्यात बसवलेलं वजन समुद्रात कमी पडतं. खारं पाणी सुमारे अडीच टक्के जड असतं, म्हणून तुमचं शरीर, सूट, टाकी सगळं मिळून ९० किलो होत असेल तर समुद्रात सव्वादोन किलो जादा लागतं. शिवाय अ‍ॅल्युमिनियमची नेहमीची ११ लिटरची टाकी भरलेली असताना बुडते आणि रिकामी होत आली की तरंगायला बघते, कारण आतली हवाच अडीच किलोच्या आसपास असते. पाहणी करणाऱ्याला शेवटच्या पंधरा मिनिटांतही खडकावर स्थिर लोंबकळायचं असतं, म्हणून वजनाची खात्री टाकीत ५० बार दाब उरला असताना करा, सुरुवातीला नाही.

दुसरं, अंगाची ठेवण. आडवं राहायचं, गुडघे वाकवलेले, बेडकासारखी लाथ. वर-खाली फडफडणारी लाथ मारली की तळाचा गाळ उडतो आणि तुमच्या मागच्या जोडीदाराला काही दिसत नाही. परीक्षा अशी: तळापासून अर्धा मीटर वर, हात न हलवता, पाटीवर ४० नोंदी लिहायच्या. लिहिताना आपण श्वास रोखतो, फुप्फुसं भरलेली राहतात आणि शरीर वर उचललं जातं. जवळजवळ प्रत्येकाचं असं होतं. श्वास चालू ठेवून लिहिण्याचा सराव कोरड्या जमिनीवर होत नाही, तो पाण्यातच करावा लागतो.

तिसरं, नजर. सपाट काचेच्या मास्कमधून वस्तू पाऊणपट अंतरावर आणि सव्वापटीहून जास्त, जवळजवळ एक-तृतीयांशाने मोठी दिसते. म्हणजे २३-२४ सेंटिमीटरचा हेकरू तुम्हाला ३० चा वाटतो आणि मोजणीत घुसतो. जुन्या फ्लेक्सचे १०, २०, ३०, ४० सेंटिमीटरचे मासे कापा, मागे नंबर लिहा, खाली छोटं शिसं लावून तलावात वेगवेगळ्या अंतरावर लटकवा. जोडीदाराने क्रम बदलायचा, तुम्ही लांबी लिहायची. पहिल्या दिवशी सगळे मोठंच लिहितात.

चौथं, तळाची मोजणी. २० मीटर टेप तळाशी टाका, दर अर्ध्या मीटरवर लॅमिनेट केलेलं प्रवाळाचं छायाचित्र ठेवा, चाळीसच्या चाळीस. दोघांनी वेगवेगळी नोंद करायची, वर येऊन ओळीने ताडून पाहायची. जिथे जुळत नाही तिथेच शिकायचं आहे. तलावाच्या व्यवस्थापकांना आधी विचारा. टाकी तळाच्या फरशीवर आपटली की पुढच्या वेळी दारातच अडवतील, आणि बरोबर आहे त्यांचं.

न्यायमंदिर_मागे
एवढा सगळा खटाटोप कशाला? गोप्रो लावा, टेपवरून पोहत जा, घरी येऊन कॉम्प्युटरला ओळखायला सांगा. आता त्यासाठी सॉफ्टवेअर आहेत.

निळी_पाटी
आहेत, आणि वापरतातही. पीव्हीसी पाइपची चौकट करून तिला वर कॅमेरा बसवतात, ठरावीक उंचीवरून सरळ खाली फोटो घेतात, मग कोरलनेटसारख्या प्रणालीत प्रत्येक फोटोवर यादृच्छिक बिंदू पडतात. मोठा फायदा हा की दहा वर्षांनीही कुणी तोच फोटो उघडून तुमचं चुकलं का ते पाहू शकतो. पाटीवर फक्त तुमचा निकाल उरतो.

पण यंत्राला शिकवायला आधी माणसानेच शेकडो बिंदू ओळखावे लागतात, आणि ओळखणाऱ्याने पाण्यात ते पाहिलेलं असावं लागतं. कपारीखालचं फोटोत काळं येतं. पाच मीटरखाली लाल रंग उरत नाही, व्हाइट बॅलन्स खोलीवर पांढरी पाटी धरून बसवला नाही तर सगळं हिरवं. मासे तर या फोटोत येतच नाहीत. माझं मत: दोन्ही करा, पण आधी डोळा तयार करा.

चौकट करणार असाल तर पाइपना भोकं पाडा. नाहीतर आत हवा राहते आणि चौकट तुम्हालाच वर घेऊन जाते.

कमाटीबाग
हवेचा हिशेब आणि परतीचा प्रवास, हे दोन विषय कुणी काढले नाहीत म्हणून.

११ लिटरच्या टाकीत २०० बारला सुमारे २,२०० लिटर हवा. ५० बार राखीव ठेवले तर हाती १,६५० लिटर. काम करताना पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागतात असं धरा. ८ मीटरवर दाब १.८ पट, म्हणजे ३६ लिटर, म्हणजे सुमारे ४५ मिनिटं. टेप टाकणं, पंधरा मिनिटं थांबणं, तीन मोजण्या आणि टेप गुंडाळणं हे एका जोडीकडून एका टाकीत होत नाही. म्हणून सहा जणांच्या तीन जोड्या: एक टेप आणि मासे, दुसरी अपृष्ठवंशीय, तिसरी तळ आणि गुंडाळणं. दुसऱ्या-तिसऱ्या जोडीने मासेवाल्यांच्या किमान एक तुकडा मागे राहायचं. टेप नेमकी कोण काढणार ते बोटीवरच ठरवा, नाहीतर तळ मोजणारा शेवटच्या तुकड्यात असताना पहिलं टोक कुणीतरी सोडवतं.

परतीचं: दिवसाला एकाहून जास्त किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्या तर विमानाआधी किमान १८ तास. हे सगळ्यांना माहीत असतं, घाट मात्र विसरतात. मालवणहून संध्याकाळी गाडी काढून आंबोलीमार्गे वर आलात तर सुमारे ६९० मीटर चढता, आणि शरीरात उरलेल्या नायट्रोजनला विमान काय अन् घाट काय, हवेचा दाब घटला की तो बुडबुडे धरतो. कोकण रेल्वेने किनाऱ्याकिनाऱ्याने या, बडोदा स्वतः समुद्रसपाटीच्या फारसं वर नाही.

सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा लायक्रा घाला. ऑक्सिबेंझोन असलेलं मलम प्रवाळाच्या पिल्लांना घातक असल्याचं प्रयोगशाळेत दिसलंय, हवाईने २०२१ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे.

वारसिया
हातमोजे घालावे की नाही?

कमाटीबाग
बोटीची दोरी धरायला घाला.

निळी_पाटी
पाण्याखाली नको. मोजे असले की माणूस बिनधास्त धरतो. काही उद्यानांत तर त्यांना मनाईच आहे.

ओहोटी
नराराला पायी जाताना मात्र बुटाबरोबर हातमोजेही चालतील; तोल गेला तर हात धारदार शिंपल्यांवर पडतो. दोन्ही ठिकाणचे नियम एकमेकांत मिसळू नका.

आता नराराला सहा जणांना खरंच करता येण्यासारखं काम: रंगाचं कार्ड. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉचने २००२ पासून ते चालवलंय. कार्डावर बी, सी, डी, ई असे चार रंग आणि प्रत्येकाच्या १ ते ६ अशा छटा. १ म्हणजे फिकट, ६ म्हणजे गडद. एका वसाहतीवरची सर्वांत फिकट आणि सर्वांत गडद अशा दोन छटा जुळवायच्या, वसाहतीचा प्रकार लिहायचा (फांद्यांची, गोल, ताटासारखी की मऊ), आणि पुढच्या वसाहतीकडे जायचं. एका फेरीत किमान वीस. टेप लागत नाही, डाइव्ह लागत नाही.

चुका कुठे होतात: फांदीचं वाढतं टोक नेहमीच फिकट असतं, ते मोजायचं नाही. स्वतःची सावली कार्डावर पडली आणि प्रवाळावर नाही, तर छटा चुकते. दोन्ही एकाच उजेडात हवीत. रंगीत काचेचा मास्क किंवा गॉगल चालत नाही. आणि मनाला येईल ती "चांगली" वसाहत निवडली तर सगळी पाहणी फिकट किंवा गडद बाजूला झुकते. चार पावलं टाका, उजव्या बूटापाशी जी सगळ्यात जवळ ती घ्या, आवडो न आवडो. सरासरी दोन छटांनी उतरली तर शैवाल खरंच घटलंय असं मानतात. एका छटेचा फरक दोन माणसांच्या डोळ्यांतलाही असू शकतो.

कधी जायचं हे नोआच्या (अमेरिकेच्या समुद्र-हवामान संस्थेच्या) कोरल रीफ वॉचच्या नकाशावरून ठरवा. त्या जागेच्या उन्हाळ्यातल्या नेहमीच्या सर्वाधिक मासिक सरासरीपेक्षा पाणी एक अंशाने जास्त असलं की ताण मोजायला सुरुवात होते, आणि बारा आठवड्यांतला ताण जमा करत जातात. ४ अंश-आठवडे झाले की विरंजनाची दाट शक्यता, ८ झाले की मोठ्या प्रमाणात मरण्याची. आकडा ४ कडे सरकत असताना एक फेरी, आणि दोन-तीन महिन्यांनी दुसरी. नुसतं पांढरं पडलेलं असताना जाऊन आलात तर किती वाचलं ते कधीच कळत नाही. चौथं जागतिक विरंजन एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं, तेव्हा लक्षद्वीपचंही नुकसान झालं.

सूरसागर
सगळ्यांचे आभार. एक शंका: १६० बिंदूंत एक बिंदू म्हणजे ०.६२५ टक्के. मग गेल्या वर्षी ३० टक्के आणि यंदा २७ टक्के प्रवाळ आलं तर घट झाली म्हणायचं का?

निळी_पाटी
नाही म्हणायचं. ३० टक्क्यांना १६० बिंदूंवर नुसत्या योगायोगाची चूकच साडेतीन टक्क्यांच्या पुढे असते, आणि टेप गेल्या वर्षीच्या रेषेवर तंतोतंत पडत नाही ते वेगळं. म्हणून शास्त्रज्ञ एका जागेवर अनेक रेषा टाकतात आणि वर्षानुवर्षं टाकतात. स्वयंसेवकाने निष्कर्ष काढायची घाई करू नये, पण दरवर्षी त्याच जागी त्याच हाताने मोजावं.

त्याच जागी म्हणजे खरंच त्याच जागी. सुरुवातीच्या टोकावर फुगा वर सोडा आणि बोटीवरून जीपीएस घ्या. आकडे कोणत्या स्वरूपात आहेत ते लिहा. २२ अंश २४.५ मिनिटं म्हणजे दशांशात २२.४०८, पण लोक २२.२४५ लिहून मोकळे होतात. ही चूक सुमारे १८ किलोमीटरची आहे. पुढच्या वर्षीची तुकडी बोटीचं डिझेल जाळत कोऱ्या वाळूवर फिरते.

साहित्य: फायबरग्लासची १०० मीटर टेप (पोलादी दोन फेऱ्यांत गंजते), ओळंब्याचे तीन सेट कारण एक हरवतोच, पीव्हीसीची पांढरी पाटी पॉलिश पेपरने घासून खरखरीत केलेली, लाकडी पेन्सिल रबरी नळीने बांधून. यांत्रिक पेन्सिलीची स्प्रिंग खारवते. टेपचं टोक मेलेल्या खडकाला अडकवा, प्रवाळाच्या फांदीला कधीच नाही, आणि ओढ असेल तर दर काही मीटरवर खाचेत दाबा, नाहीतर मधेच धनुष्यासारखी वाकते. संध्याकाळी सगळं गोड्या पाण्यात.

नोंदी त्याच संध्याकाळी भरायच्या, एकाने वाचायचं, दुसऱ्याने भरायचं. मासा दिसला नाही तर ० लिहा. रिकामा रकाना म्हणजे "पाहिलंच नाही" असा अर्थ होतो, आणि शून्य ही सुद्धा माहिती आहे. पाटी पुसण्याआधी फोटो.

मांडवी_दरवाजा
आणि पाटीवर उतरायच्या आधी तारीख, जागा, खोली, नाव लिहा. वर आल्यावर सहा पाट्या सारख्याच दिसतात.

सूरसागर
नोंद घेतली. या रविवारी तलावात चाळीस छायाचित्रांचा प्रयोग करतोय, फ्लेक्सचे मासे आजच कापायला दिलेत. वजन ५० बारवर तपासू. नराराच्या परवानगीचा अर्ज पुढच्या उधाणासाठी करतोय, कार्डं आली की मग. ओहोटीकाका, चार पावलांचा नियम सहा जणांनी एकाच रांगेत चालत करायचा की पसरून?

ओहोटी
पसरून, दोघादोघांत दहा-पंधरा पावलं अंतर ठेवून, आणि वाटाड्याच्या मागे. तो वळला की सगळे वळले, विसावी वसाहत राहिली असली तरी.

वारसिया
फ्लेक्सचे मासे कुणाकडे कापताय? मलाही एक सेट हवाय.